केशवसुत, पेंडसे, वेताळ: जुनी प्रत वाचावी की नवी आवृत्ती?

पाणंद

मृग लागायला आठ-दहा दिवस आहेत. पुढचे चार महिने कोकणात बाहेरची कामं कमी आणि वाचनाला सवड, म्हणून हा धागा. 'काय वाचावं' याच्या याद्या आपल्याकडे पुष्कळ झाल्या. माझा प्रश्न त्यापुढचा आहे: एकाच पुस्तकाच्या दोन प्रती समोर आहेत, एक जुनी पिवळी पडलेली, एक नवी कोरी. कोणती वाचावी?

मी जुनीच्या बाजूचा, निदान कवितेपुरता तरी. केशवसुतांची 'तुतारी' (१८९३) घ्या. पहिली ओळ:

एक तुतारी द्या मज आणुनि

मात्रा मोजा. एक ३, तुतारी ५, झाल्या ८. द्या २, मज २, आणुनि ४, पुन्हा ८. ओळ बरोबर सोळा मात्रांची, मधोमध दुभागलेली. हे पादाकुलक वृत्त. आता शेवटचा 'नि' दीर्घ करून 'आणुनी' छापा. सतरा मात्रा होतात आणि ओळ शेवटी लोंबकळते. पुढची ओळ 'फुंकिन'ने लगेच उसळून यायला हवी, ती अडखळते. जालावर फिरणाऱ्या प्रतींत 'आणुनी' सर्रास दिसतं आणि मग लोक म्हणतात की ही कविता मोठ्याने वाचताना जमत नाही. एका वेलांटीने झालेलं नुकसान आहे हे.

कादंबऱ्या आणि कॉमिक्सचं काय, ते जाणकारांनी लिहावं.

आबोली

मात्रांचा मुद्दा मान्य, पण दोष नव्या आवृत्तीला का? मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ केला हे खरं. त्याच नियमांत पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीकही ठेवली आहे. 'आणुनी' करणारा माणूस नियम अर्धाच वाचून कामाला लागलेला असतो.

जुन्या छपाईचे तोटेही मोजा. खिळ्यांच्या छपाईत शिशाचे खिळे झिजतात. सगळ्यात आधी जातात ते वरचे नाजूक भाग: अनुस्वार, रफार, वेलांटीचं टोक. 'कर्म' आणि 'कम' यातला फरक एका रफाराचा. स्वस्त प्रतींत अशा जागा अंदाजाने भराव्या लागतात. चांगल्या संपादकाने सिद्ध केलेली नवी आवृत्ती त्यापेक्षा कधीही बरी.

तरी

पाणंद, एक शंका. चौथी ओळ 'दीर्घ जिच्या त्या किंकाळीने'. 'जि'च्या पुढे जोडाक्षर आहे, म्हणजे 'जि' गुरू. दीर्घ ३, जिच्या ४, त्या २. नऊ झाल्या की! केशवसुत चुकले का?

पाणंद

नाही चुकले. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं ते त्याच्यावर आघात येत असेल तरच. 'जिच्या', 'तुझ्या', 'उद्या' म्हणून बघा. 'च्या' हलकेच येतो, 'जि'वर जोर पडत नाही. म्हणून जिच्या तीन मात्रांचंच.

आता याच कवितेतला 'स्वप्राणाने' म्हणा. 'प्रा'चा धक्का 'स्व'वर बसतो, जवळजवळ 'स्वप्-प्राणाने'. तिथे 'स्व' दोन मात्रांचा, आणि शब्द बरोबर आठ मात्रांचा. एकाच कडव्यात दोन्ही प्रकार सापडतात. कागदावर मोजण्याआधी तोंडाने म्हणावं, मांडीवर चार-चार मात्रांचा ठेका धरावा. जिथे हात चुकतो तिथे एक तर आपला उच्चार चुकलाय नाही तर छापणाऱ्याचा हात.

सुरंगी

आबोलीताई, नियमांचा विषय निघालाच आहे तर त्याची गंमत पुरी सांगते. केशवसुतांच्या आधीचं पद्य मूळ प्रतीप्रमाणे छापायचं, आणि केशवसुतांसकट पुढचं नव्या नियमांनी, असं त्या नियमांतच लिहिलेलं आहे. म्हणजे आपला मालगुंडचा कवी नेमका बांधावर उभा आहे. मोरोपंतांच्या आर्येतला ऱ्हस्व सुरक्षित, आणि 'तुतारी'तला ऱ्हस्व संपादकाच्या कानावर अवलंबून. म्हणून केशवसुतांची प्रत विकत घेण्याआधी दुकानात उभ्याउभ्या एवढी एकच ओळ बघा. 'आणुनि' असेल तर बाकी पुस्तकावरही विश्वास ठेवता येतो.

कुळागर

कादंबरीचं सांगतो. श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू'ची (१९५२) जुनी प्रत हातात घेतली की पहिली दहा पानं अनुस्वार टोचतात: 'घरांत', 'त्यानें', 'गेलीं'. अकराव्या पानापासून ते उपयोगी पडायला लागतात. 'ती गेली' म्हणजे एक बाई गेली, 'तीं गेलीं' म्हणजे पोरं गेलीं. नव्या छपाईत दोन्ही सारखंच दिसतं आणि संदर्भावरून ओळखावं लागतं. माणसांनी भरलेल्या प्रसंगांत हा फरक मोठा आहे.

तरीही पेंडसे पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी नवी आवृत्तीच देईन. कारण खरी अडचण लेखनाची नाही, जमिनीची आहे. अण्णा खोताचा दरारा कशाच्या जोरावर, हे आजच्या वाचकाला उमगत नाही. खोत म्हणजे नुसता जमीनदार नव्हे. सरकार आणि कुळं यांच्यामध्ये बसलेला, गावाचा सारा भरण्याची हमी घेऊन कुळांकडून वसुली करणारा. कूळ भात पिकवणार, वाटा खोताच्या अंगणात आणून घालणार. १९४८चा कुळकायदा आणि १९४९चा खोती निर्मूलनाचा कायदा, या दोन्हींनी ती चौकट मोडली. आणि कादंबरी आली १९५२ला. पहिल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर खोती नुकतीच संपलेली होती, त्यांना काही सांगावं लागत नव्हतं. आपल्याला लागतं.

'तुंबाडचे खोत' (१९८७) घेणाऱ्यांना व्यवहाराचा सल्ला. दोन खंड, चार पिढ्या, जगबुडी नदीचा काठ. पहिल्या पानापासून एक कोरा फुलस्केप पुस्तकात ठेवा. वरून खाली पिढ्या, प्रत्येक नावापुढे पहिल्यांदा आलेला पान क्रमांक, लग्नाने आलेल्या बायकांची नावं वेगळ्या शाईने. हा कागद नसला की दुसऱ्या खंडात हमखास वाट चुकते, कारण घराण्यात स्वभावही वारशाने उतरतात आणि नातू आजोबासारखा बोलायला लागतो. हा गोंधळ लेखकाने जाणून रचलाय असं माझं मत. तक्ता हाताशी असला की तोच गोंधळ कादंबरीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटायला लागतो.

गवळण

बोलीबद्दलही लिहा ना कुणीतरी. कोकणी बोलीतले संवाद कळत नाहीत म्हणून पुष्कळ जण पुस्तक मध्येच ठेवतात.

गलबत

'कोकणी बोली' अशी एक बोली नाही, घोळ तिथूनच सुरू होतो. पेंडसे दापोली तालुक्यातले, त्यांच्या माणसांची भाषा उत्तर रत्नागिरीची. जयवंत दळवी आरवलीचे, खानोलकर वेंगुर्ल्याकडचे, त्यांच्या पुस्तकांत मालवणी येते. वेंगुर्ल्याच्या वाचकालाही बाणकोटकडचं बोलणं परकं वाटतं.

मालवणीला घाबरू नका. पन्नासेक शब्द आले की संवाद सुटतात. माका-तुका म्हणजे मला-तुला. खय म्हणजे कुठे, थय म्हणजे तिथे, कित्याक म्हणजे कशाला. झिल मुलगा, चेडू मुलगी. क्रियापदात 'आलो'चं 'इलंय'. डोळ्यांनी वाचू नका, ओठ हलवून वाचा. 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) सुरुवातीला उत्तम, कारण निवेदन प्रमाण मराठीत आणि बोली फक्त माणसांच्या तोंडी. दोन्ही शेजारी-शेजारी असल्याने अर्थ आपोआप लागत जातो. नव्या आवृत्तीत मागे शब्दार्थ असतील तर आधी वाचू नका, अडलं की बघा.

आणखी एक. १ मे १९८१च्या आधीच्या पुस्तकांत सावंतवाडी, मालवण, कणकवली सगळं 'रत्नागिरी जिल्हा' आहे. सिंधुदुर्ग त्या दिवशी वेगळा झाला. लेखकाने चूक केली असं समजून समासात दुरुस्ती करू नका. वाचनालयांच्या प्रतींत अशा 'दुरुस्त्या' दिसतात आणि पुढच्या वाचकाची दिशाभूल होते.

तांबडमाती

कॉमिक्सची बाजू मांडतो, कारण तिथे 'कोणती प्रत' हा प्रश्न सगळ्यात धारदार आहे.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ला सुरू झाली, १९९०ला बंद पडली. मराठीत फँटमचा 'वेताळ' झाला. मूळ माल म्हणजे ली फॉकच्या वर्तमानपत्री पट्ट्या. रोजची पट्टी आडवी, तीन-चार चौकटींची, आणि पहिल्या चौकटीत बहुधा आदल्या दिवसाची उजळणी. त्यांचं उभ्या पानाचं पुस्तक करताना चौकटी कापाव्या लागतात, कुठे बाजूने चित्र वाढवावं लागतं. उजळणीच्या चौकटी गेल्या तर हळहळ नाही. पण ठरलेल्या पानांत गोष्ट बसवायला कथेतल्या चौकटीही गेल्या आहेत. म्हणून एखाद्या अंकात वेताळ घोड्यावर बसतो आणि पुढच्याच चौकटीत बंदरावर असतो. नावंही बदलली: वेताळाचा देश इंद्रजालमध्ये 'डेंकाली' झाला.

पूर्ण कथा हवी असेल तर मूळ पट्ट्यांचे नवे इंग्रजी संग्रह घ्या. पण मराठी वेताळाची भाषा तिथे नाही मिळणार. आणि अक्षरांकडे बघा. फुगे इंग्रजी मजकुरासाठी काढलेले. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, म्हणजे प्रत्येक ओळीला जास्त उंची लागते. त्याच फुग्यात मराठी बसवायची तर दोनच वाटा: अक्षर बारीक करा किंवा वाक्य तोडा. जिथे वाक्य तोडलं तिथे मराठी फुगा इंग्रजीपेक्षा ठसकेबाज झालाय. जिथे अक्षर बारीक केलं तिथे पिवळ्या कागदावर भिंग घ्यावं लागतं.

रंगांचं म्हणाल तर जुनीच प्रत. चार रंगांचे ठिपके: निळा, किरमिजी, पिवळा, काळा. एखादा रंग केसभर सरकला की ओठांचा लाल गालावर जातो, हा दोष आहेच. पण वृत्तपत्री कागदावर शाई थोडी पसरते आणि रात्रीचं जंगल दाट, ओलसर वाटतं. संगणकावर नव्याने भरलेल्या रंगात तेच जंगल प्लॅस्टिकचं दिसतं.

सुरंगी

तांबडमाती, 'वेताळ' हे नाव ज्याने निवडलं त्याला सलाम! मराठी वाचकाकडे तेव्हा आधीच दोन वेताळ होते. एक विक्रमाच्या खांद्यावरचा. 'चांदोबा' मराठीत १९५२पासून, आणि शंकर यांनी काढलेलं ते प्रेत खांद्यावर टाकून चालणाऱ्या राजाचं चित्र कोण विसरेल. दुसरा आपला आरवलीचा वेतोबा, ज्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. तिसरा आला तो जांभळ्या कपड्यांतला, कवटीच्या अंगठीचा, पिढ्यान्पिढ्या न मरणारा जंगलाचा राखणदार. दक्षिण कोकणातल्या मुलाला हा परका वाटायचं कारणच नव्हतं. राखणदार म्हणजे काय हे त्याला घरातूनच ठाऊक.

आबोली

सुरंगी, क्या बात! या कोनातून फँटमकडे कधी पाहिलं नव्हतं.

चिरेबंदी

जुनी प्रत वाचा म्हणणाऱ्यांनी ती सप्टेंबरपर्यंत टिकेल कशी, तेही बघावं. वाळवी वेगळा विषय आहे. बुरशी आणि कसर यांच्यापुरतं लिहितो.

हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर सलग राहिली की बुरशी धरते. जुलैत किनाऱ्यावर ती ८५-९०च्या घरात. म्हणजे आपल्याकडे बुरशी येणारच असं धरून चालावं आणि तिला जागा देऊ नये.

कपाट चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका. चिरा सच्छिद्र, तो ओल ओढून ठेवतो. भिंत आणि कपाट यांत तीन इंच, जमिनीपासून सहा इंच मोकळे हवेत. फळीवर पुस्तकं गच्च कोंबू नका, हात सहज आत जाईल एवढी ढिली ठेवा. लोखंडी कपाट बंद ठेवलं तर रात्री गार पत्र्याला आतून घाम सुटतो, म्हणून कोरड्या दिवशी दारं उघडी. कपाटात बल्ब लावायची जुनी पद्धत उपयोगी आहे पण धोक्याची. कागद आणि बल्ब यांत वीतभर अंतर आणि घरात माणूस असतानाच.

खास प्रतींसाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. चाळीस-पन्नास लिटरच्या डब्याला पाव किलो. नारिंगी मणी हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास, पुन्हा नारिंगी होतात. तव्यावर भाजू नका, आच आवरत नाही आणि मणी तडकतात. सगळ्यात महत्त्वाचं: डबा जानेवारी-फेब्रुवारीत भरा. कागद हवेतलं पाणी धरून ठेवतो. जुलैत डब्यात घातलेलं पुस्तक आपली ओल बरोबर घेऊन जातं आणि बंद डब्यात तीच बुरशीला पोसते.

तरी

आणि कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या?

चिरेबंदी

पाला सावलीत कडकडीत वाळवलेला असेल तरच. हिरवा पाला म्हणजे आपण होऊन पाणी आत नेणं. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, बुरशीला काही होत नाही. गोळी कागदाला लागू देऊ नका, पुरचुंडी करून कोपऱ्यात. तो वास घेत वाचणं प्रकृतीला बरं नाही, पुस्तक बाहेर काढल्यावर आधी तासभर हवेवर ठेवा.

बुरशी आलेलीच असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती कागदात चोळली जाते. आधी कोरडं होऊ द्या. मग अंगणात, तोंडावर मास्क, मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या कडेकडे झटका. कडक उन्हात पालथं घालू नका, कागद ठिसूळ होतो आणि मुखपृष्ठ विटतं. तांबूस ठिपके राहतील. राहू द्या, वाचनाला आड येत नाहीत.

वाशिष्ठीकाठ

पुराचं पाणी शिरलं तर गणित वेगळं. २२ जुलै २०२१नंतर चिपळुणात हा धडा घराघरांत शिकून झालाय, म्हणून थोडक्यात.

हाताशी ४८ तास असतात, मग बुरशी सुरू. चिखल भरलेलं पुस्तक उघडू नका. मिटलेलंच घट्ट धरून स्वच्छ पाण्याच्या बादलीत हलवा, चिखल बाहेरच्या बाहेर जातो. मग उभं ठेवून निथळू द्या, पंखा लावा, गरम हवा नको. अर्धवट सुकल्यावर वीस-वीस पानांमध्ये कोरा कागद घाला आणि तो बदलत राहा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. एका वेळी सगळी सुकवणं जमणार नसेल तर बटर पेपरात एकेक गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा. काही बिघडत नाही, वेळ मिळतो. पुढे दोन-तीन काढून सुकवत जायचं.

गुळगुळीत कागदाची पुस्तकं आधी वाचवा. त्या कागदावरचा थर ओला असताना डिंकासारखा होतो. पानं चिकटलेली सुकली की वीट तयार, मग कुणालाच सुटत नाहीत. साध्या कागदाची कादंबरी त्या मानाने काटक.

तांबडमाती

कॉमिक्सना बुरशीच्या आधी मारतात त्या पिना. खाऱ्या हवेत पिन गंजते, गंज कागद खातो, मधलं पान सुटतं आणि मुखपृष्ठ हातात येतं. उपाय सोपा आहे.

अंक मधल्या पानावर उघडून उताणा ठेवा. पिनेचे पाय आतल्या बाजूने बोथट सुरीने सरळ करा, मग बाहेरून पिन उचलून काढा. ओढू नका. गंजाची पूड ब्रशने झटका. जुन्या दोन भोकांच्या बरोबर मध्ये सुईने तिसरं भोक पाडा. जाड सुती दोरा घ्या, नायलॉनचा नको, तो कागद कापतो. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकातून आत, आतल्या आत मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर, मग बाहेरून मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्यावर गाठ. गाठ आवळताना दोरा कण्याच्या रेषेत ओढा, आडवा ओढला तर भोक फाटतं. पाच मिनिटांचं काम आणि अंक पुढची कित्येक वर्षं निर्धास्त.

चिकटपट्टी मात्र कधीच लावू नका. काही वर्षांत पट्टी सुटते, गोंद कागदातच राहतो, पिवळा आणि चिकट.

गवळण

तांबडमाती, आभार. 'आतून बाहेर' हे दोनदा वाचलं, कागदाच्या चिठोऱ्यांवर करून पाहिलं, बरोबर बसलं.

कुळागर

धागा शिवणकामाकडे गेला, तोही आवडला. पण आरती प्रभू, म्हणजे कवी खानोलकर, राहिले. कोकणातल्या पावसाळी वाचनात ते नाहीत असं होऊ नये.

खानोलकरांचं गद्य आणि आरती प्रभूंची कविता यांना मी वेगवेगळा वेळ देतो. 'कोंडुरा' (१९६६) सलग वाचावी, दोन-तीन बैठकांत. कोंडुरा हे वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचं खरं ठिकाण, तिथल्या कड्याकपारीत समुद्र घुमतो. कादंबरीत तो घुमणारा आवाज परशुरामतात्यांच्या डोक्यात शिरतो. दैवी कृपा झाली की भ्रम, हा प्रश्न लेखक सोडवून देत नाही, आणि मध्ये आठवडाभर पुस्तक मिटून ठेवलं तर तो ताण तुटतो. मग ती नुसती चमत्काराची गोष्ट उरते.

कवितेचं उलट. 'जोगवा', 'दिवेलागण', 'नक्षत्रांचे देणे' यांतली एका दिवशी एक. आरती प्रभूंच्या ओळीत कर्ता उशिरा येतो, कधी येतच नाही. पहिल्या वाचनात फक्त आवाज घ्यावा. दुसऱ्यांदा क्रियापदं शोधावीत, पेन्सिलीने हलकी खूण करावी. तिसऱ्यांदा कोण कुणाला बोलतंय ते बघावं. चौथ्या वाचनाला कविता उघडते, किंवा उघडत नाही, आणि तरी सोडवत नाही.

इथे आवृत्तीचा मुद्दा परत येतो. कवितासंग्रह लहान आकारात छापला की लांब ओळ पानात मावत नाही, ती मोडून खाली येते. वाचकाला वाटतं कवीनेच तोडली, आणि तो तिथे थांबतो. मोडलेला तुकडा उजवीकडे सरकवून छापला असेल तर ठीक. डावीकडून सुरू केला असेल तर ती प्रत कवितेसाठी घेऊ नये, कितीही स्वस्त असो.

गलबत

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. विंदांच्या मुक्तछंदाला तर हे शंभर टक्के लागू. मोबाईलवर कविता वाचताना फोन आडवा धरा, निम्म्या मोडक्या ओळी जुळतात.

आबोली

बरं, जुनी प्रत म्हणजे नक्की किती जुनी, हे कसं ओळखायचं? पहिली काही पानं फाटलेली असतात बहुतेकदा.

पाणंद

खुणा भरपूर असतात, एकेक बघत जायचं.

किंमत रुपये-आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७च्या आधीची किंवा त्या सुमाराची. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२नंतरची. आयएसबीएन तेरा आकडी असेल तर बहुधा २००७च्या पुढची, दहा आकडी असेल तर आधीची. वर्ष शके असेल तर ७८ मिळवा. शके १८७४ म्हणजे १९५२. पण जानेवारी ते फाल्गुन अखेरपर्यंतच्या तारखेला ७९ मिळवायचे.

पानाच्या मागून बोट फिरवा. अक्षरांचे उंचवटे लागले तर खिळ्यांची छपाई, सपाट असेल तर ऑफसेट. आणि 'दुसरी आवृत्ती' व 'पुनर्मुद्रण' यात गल्लत नको. पुनर्मुद्रणात तोच मजकूर पुन्हा छापतात. आवृत्तीत लेखकाने किंवा संपादकाने हात फिरवलेला असू शकतो. मजकूर पडताळायचा तर आवृत्त्या जुळवा, पुनर्मुद्रणं जुळवून हाती काही लागत नाही.

जुळवायला जागा आपल्या जिल्ह्यांतच आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. ग्रंथपालांना आधी सांगून जावं आणि पुस्तकाचं नाव, लेखक, हवं ते प्रकरण किंवा कविता एवढं चिठ्ठीवर लिहून न्यावं.

आता माझ्याच प्रश्नाकडे. आबोलीताई आणि कुळागर यांनी माझं मत बदललं. कादंबरी पहिल्यांदा वाचायची तर नवी आवृत्ती घेईन, शब्दार्थ आणि प्रस्तावना असलेली. कवितेसाठी जुनी प्रत सोडणार नाही.

तांबडमाती

आणि वेताळासाठी दोन्ही. कथा नव्या संग्रहात, जंगल जुन्या अंकात.

गवळण

एक राहिलं. घरात 'गारंबीचा बापू'ची प्रत आहे, पहिली चार पानं नाहीत, मागच्या मलपृष्ठावर किंमत 'रु. ४-८-०' अशी. ही कधीची?

पाणंद

चार रुपये आठ आणे शून्य पै. म्हणजे दशमान पैसे यायच्या आधीची किंवा त्या सुमाराची, आणि कादंबरी १९५२ची. १९५२ ते ५७च्या दरम्यानची प्रत असावी. पिना असतील तर आजच काढा, डब्यात मात्र आता घालू नका, हवा दमट झालीय. जानेवारीपर्यंत मोकळ्या फळीवर उभी ठेवा, आणि त्याआधी वाचून घ्या.